आजार पोराचा, निर्णय मात्र सगळ्यांचा!



या पानावर एरवी आपण ज्वारीवरचा चिकटा, कांद्याचे भाव, डाळिंबावरचा तेल्या असल्या गोष्टी बोलतो. आज विषय वेगळा आहे. कर्करोगाचा आहे, आणि तोही तरण्याताठ्या पोरापोरींच्या.

कॅन्सर म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर तंबाखू खाणारा म्हातारा माणूस येतो. पण रक्ताचा कर्करोग, लसिकाग्रंथींचा कर्करोग, हाडांचा कर्करोग, मुलांमधला वृषणाचा कर्करोग हे आजार ऐन उमेदीतही गाठतात. वैद्यकशास्त्रात १५ ते ३९ वर्षे या वयातल्या रुग्णांचा आता वेगळा विचार होतो. आपल्या हिशेबाने हे वय कोणते? दहावी-बारावीचे, भरतीचे, लग्नाचे, पहिल्या लेकराचे, वडिलांच्या हातून औत आपल्या हाती घेण्याचे. साठीच्या माणसाला आजार झाला तर तो केलेल्या संसाराकडे मागे वळून बघतो. विशीतल्या पोराचे सगळेच पुढे असते. म्हणून त्याचे दुखणेही वेगळे असते.

गावोगाव फिरताना अशी घरे लागतात. बांधावर पिकाचे बोलणे संपले की बाप हळूच विषय काढतो. आणि बहुतेक ठिकाणी एकच गोष्ट दिसते. पोराला काय झाले हे भावकीला ठाऊक असते, किराणा दुकानदाराला ठाऊक असते, फक्त पोराला ठाऊक नसते. "त्येला कशाला सांगायचं? खचून जाईल." ही माया आहे, यात शंका नाही. पण पोरगा काही आंधळा नाही. केस गळतात, आई चुलीपुढे डोळे पुसते, मामा अचानक भेटायला येतात. त्याला सगळे कळते. फक्त विचारायची सोय राहत नाही, आणि तो एकटा पडतो.

मला आज एवढेच सांगायचे आहे. उपचार दवाखाना करील, पण पोराला त्याच्या स्वतःच्या आयुष्यात जागा देणे हे घराचे आणि गावाचे काम आहे. त्याला खरे सांगा, त्याला विचारा, आणि त्याचे काम त्याला परत द्या.

बार्शीने काय शिकवले?

हे गावात कसे होणार, असे कुणी म्हणेल. त्याला उत्तर आपल्याच जिल्ह्यात आहे. बार्शीच्या नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालयाचे नाव तुम्ही ऐकले असेल. तिथे १९८७ साली देशातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. बार्शी, परांडा आणि भूम या तीन तालुक्यांतली ३४६ गावे तिच्यात घेतली होती. खेड्यातला माणूस आपणहून दवाखान्यात येत नाही, म्हणून नोंदणीचे कर्मचारीच गावात गेले. लोकांना भेटले, लक्षणे समजावून सांगितली. पुढे असे दिसून आले की गर्भाशयमुखाचा कर्करोग झालेल्या बायका पूर्वीपेक्षा लवकरच्या टप्प्यावर दवाखान्यात येऊ लागल्या. हा निष्कर्ष १९९५ साली प्रसिद्ध झाला. मोठे यंत्र नव्हते, महागडे औषध नव्हते. गावात जाऊन नीट बोलणे, एवढेच भांडवल होते. आम्ही विस्तार कार्यकर्ते बियाण्याबाबत जे करतो, तेच त्यांनी आजाराबाबत केले.

त्या कामाने माणूस वेळेवर दवाखान्यापर्यंत पोचला. आता पुढचे काम आपले आहे. दवाखान्यातून परत आलेल्या तरुणाला गावात उभे करायचे आहे.

खरे सांगितले तर काय फायदा?

फायदा रोकडा आहे. रक्ताच्या कर्करोगाच्या एका नेहमीच्या प्रकारात उपचार दोन-अडीच वर्षे चालतात. पहिल्या काही महिन्यांतच रक्त सुधारते, पोरगा टवटवीत दिसू लागतो. इथेच घात होतो. "आता बरा झालाय की," म्हणून खेपा थांबतात, आणि आजार उलटतो. काय चालले आहे आणि अजून किती बाकी आहे हे ज्याला ठाऊक आहे, तो पोरगा स्वतःच तारीख लक्षात ठेवतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ साली मुलांच्या कर्करोगासाठी मोहीम हाती घेतली. तिच्या माहितीनुसार श्रीमंत देशांत कर्करोग झालेल्या शंभरातली ऐंशीहून अधिक मुले बरी होतात. गरीब देशांत हे प्रमाण फार कमी आहे. उशिरा निदान आणि अर्धवट सोडलेला उपचार ही त्याची दोन मोठी कारणे आहेत. ही दोन्ही कारणे आपल्या हातातली आहेत.

दुसरे असे की ताप. केमोथेरपी चालू असताना अंगातली रोग झुंजवायची ताकद कमी होते. त्या दिवसांत १००.४ अंशांवर ताप गेला तर गोळी देऊन सकाळची वाट बघायची नसते. त्याच रात्री दवाखाना गाठायचा असतो. हे पोराला ठाऊक हवे. आई-वडील रानात असतात, जवळ तोच असतो.

तिसरी गोष्ट नाजूक आहे, पण बोलली पाहिजे. काही औषधांनी आणि शेकाने पुढे मूल होण्याची क्षमता घटू शकते. उपचार सुरू होण्याआधी डॉक्टरांना विचारले तर मुलाचे वीर्य गोठवून ठेवता येते. मुलींसाठीही काही उपाय असतात. नंतर विचारून उशीर होतो. बापाला हे विचारायला लाज वाटते, पण ज्याचे आयुष्य आहे त्याला विचारू द्या. अठरा वर्षे पूर्ण झालेल्या माणसाच्या उपचाराला संमती त्याची स्वतःचीच लागते, हेही लक्षात ठेवा.

आणि आयाबायांनो, एक खूण लक्षात असू द्या. वाढत्या वयातल्या पोराचा गुडघा किंवा दंड आठवडेच्या आठवडे सुजलेला असेल, रात्री ठणकत असेल, तर 'कबड्डीत लागलं असेल' म्हणून चोळून घेऊ नका. फोटो काढून घ्या. हाडाचा कर्करोग असाच सुरू होतो.

काम परत द्या

बाग एका बहाराला विश्रांतीवर ठेवली म्हणून आपण झाडे उपटून टाकत नाही. पाणी-खत सांभाळतो आणि पुढच्या बहाराची आखणी करतो. पण आजारी पोराला मात्र आपण कायमचा हिशेबातून वजा करतो. "तू पडून राहा," म्हणतो. शाळा सुटते, मित्र तुटतात, घरच्या बोलण्यातही त्याला कुणी धरत नाही.

उपचार चालू असताना त्याने फवारणी करू नये, उकिरडा उपसू नये, बुरशी आलेल्या कडब्यात हात घालू नये. हे खरेच आहे. पण शेती म्हणजे काय एवढेच आहे? ठिबकच्या पाळ्या लावणे, दुधाचा आणि मजुरीचा हिशेब, सोलापूर बाजार समितीतला कांद्याचा दर मोबाईलवर बघणे ही कामे घरात बसून होतात. डॉक्टरांनी फिरायला परवानगी दिली की ई-पीक पाहणीचा फोटोही तोच काढील. कामाला मान असतो, आणि मान मिळाला की जेवण गोड लागते.

शिक्षणाचेही तसेच. एक वर्ष बुडाले म्हणजे सगळे बुडाले नाही. सतरा नंबरचा फॉर्म भरून दहावी-बारावीला बाहेरून बसता येते. नाशिकचे यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ १९८९ पासून याच कामासाठी आहे. हेडमास्तरांनी एवढेच करावे, की हजेरीपटावरून नाव काढण्याआधी पोराच्या घरी एकदा जाऊन यावे.

क्रिकेटपटू युवराज सिंग २०११चा विश्वचषक खेळला, पुढे त्याला कर्करोगाचे निदान झाले, आणि २०१२च्या सप्टेंबरात तो पुन्हा भारताकडून मैदानात उतरला. सगळेच युवराज होत नाहीत, त्याच्याजवळ पैसाही होता. पण त्याला कुणी "आता तू खेळायचं नाव काढू नकोस" म्हणून घरी बसवले नाही, ही गोष्ट आपल्याला फुकटात घेता येते. मुंबईत इंडियन कॅन्सर सोसायटीने २००९ साली 'उगम' नावाचा गट उभा केला. लहानपणी कर्करोगातून बरे झालेले तरुण त्यात एकत्र येतात आणि नव्या रुग्णांना धीर देतात. जो त्यातून गेला, त्याचा शब्द आपल्या दहा उपदेशांपेक्षा भारी असतो.

गावाने काय करावे?

पहिले म्हणजे, वेगळे ताट-तांब्या ठेवणे बंद करा. कर्करोग शिवल्याने, एकत्र जेवल्याने होत नाही. बहुतेक प्रकार वंशपरंपरेनेही येत नाहीत. पोरगी बरी होऊन पाच-सात वर्षे झाली तरी सोयरीक आली की कुणीतरी कानात सांगतो. हे पाप आहे. लग्न करायचे की नाही, सांगायचे ते कधी आणि कसे, हे त्या पोरीला आणि तिच्या डॉक्टरांना ठरवू द्या.

तलाठी, ग्रामपंचायत अधिकारी आणि सरपंच मंडळींना विनंती आहे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून कर्करोगाचे अनेक उपचार मोफत होतात. तिची सुरुवात २०१२ साली ज्या आठ जिल्ह्यांत झाली त्यांत आपला सोलापूर होता. २०२३च्या निर्णयाने कुटुंबामागे वर्षाला ५ लाखांचे संरक्षण ठरले. योजनेतल्या दवाखान्यात आरोग्यमित्र बसतो, त्याला आधी भेटायला सांगा. शिधापत्रिकेवर पोराचे नाव नसेल तर खेप वाया जाते, ते आजच बघा. रेल्वेच्या भाड्यात कर्करुग्णाला व सोबतच्या माणसाला सवलत आहे, दवाखान्याचा दाखला लागतो. ज्याला स्वतःचा चरितार्थ चालवता येत नाही, त्याला संजय गांधी निराधार योजनेत अर्ज करता येतो. पाय काढावा लागला असेल तर दिव्यांग प्रमाणपत्र मिळते. या कागदांसाठी आजारी माणसाला तालुक्याला चार चकरा मारायला लावू नका.

आणखी एक. वाटणीच्या वेळी "त्याचं आता काय खरं नाही" म्हणून आजारी भावाचा हिस्सा गिळायचे प्रकार होतात. १९५६च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याचे २८ वे कलम स्पष्ट सांगते की आजारामुळे कुणाचा वारसाहक्क जात नाही. फेरफार धरताना तलाठीसाहेबांनी हे कलम आठवावे.

सगळी पोरे वाचत नाहीत, हेही लपवण्यात अर्थ नाही. पण जे वाचणार नाही त्यालाही विचारायचे असतेच. वेदना कमी करणारी औषधे मिळतात, ती मागून घ्या. कुठे राहायचे, कुणाला भेटायचे, एकदा रानात जाऊन यायचे का, हे त्याला ठरवू द्या. दिवस किती हे आपल्या हातात नाही, कसे हे बरेचसे आहे.

पुढच्या ग्रामसभेत पाणी आणि रस्त्याचे विषय झाले की पाच मिनिटे काढा. गावात असा तरुण किंवा तरुणी आहे का, कागद पुरे आहेत का, शाळा-काम सुटले आहे का, एवढे बघा. आणि घरी जाऊन त्यालाच विचारा, "बाबा, तुला काय करायचंय?" उत्तर येईपर्यंत थांबा. पहिल्यांदाच कुणी विचारले असेल, तर त्याला वेळ लागेल.