मांडीच्या हाडातील सळई

अपघातात मांडीचे हाड मोडलेल्या मनुष्याविषयी आपण पुष्कळदा एक वाक्य ऐकतो : ‘पायात रॉड टाकला.’ ऐकणारा हळहळतो आणि विषय बदलतो. परंतु वाचकहो, ती सळई हाडात काय काम करते आणि ती कोठे बसली यावर रुग्णाचे पुढील चालणे किती अवलंबून असते, हे जाणून घेण्याजोगे आहे. कमावता मनुष्य अंथरुणावर असला म्हणजे ‘पाय टेकावा केव्हा?’ हा प्रश्न साऱ्या घराचा होऊन बसतो.

पूर्वी अशा रुग्णाच्या पायास वजन टांगून त्याला दोन-तीन महिने खाटेला अक्षरशः खिळवून ठेवीत. हाड कधी आखूड, कधी वाकडे जुळे, गुडघा आखडे, पाठीस व्रण पडत. १९३९ साली जर्मनीतील कील येथील शल्यविशारद गेरहार्ड कुन्चर यांनी निराळा विचार केला. मांडीचे हाड ही मुळात एक पोकळ नळी. मग आधार बाहेरून बांधण्याऐवजी त्या नळीतच वरून का घालू नये? अनेक समव्यवसायिकांना ही कल्पना भयंकर वाटली, कारण हाडातील मज्जेचा नाश होईल अशी त्यांना धास्ती होती. महायुद्धानंतर मात्र जर्मनांच्या कैदेतून परतलेल्या काही अमेरिकन सैनिकांच्या मांडीत क्ष-किरणांनी लांबलचक खिळा दाखविला, आणि तिकडील डॉक्टर थक्क झाले. ते सैनिक चालत होते!

यात चमत्कार नाही, तुलेचे साधे शास्त्र आहे. खुब्याचा गोल आपल्या हाडाच्या दांड्याच्या सरळ रेषेत नसतो, तो आतल्या अंगास बाहेर आलेला असतो. त्यामुळे शरीराचा भार खुब्यातून गुडघ्याकडे जाताना दांड्याच्या आतल्या बाजूने जातो आणि प्रत्येक पावलागणिक दांडा वाकू पाहतो : आतली कड दाबली जाते, बाहेरची ताणली जाते. भरलेली घागर कमरेवर घेऊन बाई मैलभर चालेल. तीच हात लांब करून धरली तर दहा पावले जड. हाडाच्या बाहेरच्या अंगावर बसविलेली पट्टी भाररेषेपासून दूर असते, म्हणून तिच्यावर वाकविणारा जोर अधिक येतो. सळई मधोमध, म्हणजे त्या रेषेला अधिक जवळ असते.

सळईच्या जाडीचे गणितही मौजेचे आहे. भरीव सळईचा वाकण्यास होणारा विरोध व्यासाच्या चौथ्या घाताने वाढतो. १० मिलिमीटरऐवजी १२ मिलिमीटरची घेतली तर तो दुपटीहून थोडा अधिक होतो. म्हणूनच पुष्कळदा शल्यविशारद पोकळी आतून कोरून थोडी रुंद करतात.

आता खरी कसोटी : सळई शिरते कोठून? खुब्याशी बाहेरून हाताला लागणाऱ्या उंचवट्याच्या शेंड्यातून, किंवा त्याच्या आतील लहानशा खळगीतून. खळगीची वाट दांड्याच्या सरळ रेषेत आहे. शेंड्यातून घालावयाच्या सळईस वरच्या टोकाशी किंचित बाक दिलेला असतो. सरळ सळई त्या वाटेने घातली तर भंगाच्या जागी बाहेरच्या अंगास कोन पडतो. भोक फार पुढे पडले तर सळई पाचरीसारखी वागते, आणि पाचर मारल्यावर बांबू जसा उकलतो तसे हाड उभे चिरण्याची भीती असते. शिवाय मांडीचे हाड समोर किंचित फुगीर असते. त्याच्या मानाने फार सरळ असलेल्या सळईचे टोक गुडघ्याच्या वर पुढच्या भिंतीस जाऊन टेकते. चार-पाच मिलिमीटरांची चूक येथे लहान नव्हे.

कुन्चरांची सळई पोकळीच्या अरुंद भागात घट्ट बसून पकड घेई. पण गुडघ्याकडे पोकळी कर्ण्यासारखी रुंदावते. तेथे नुसती सळई खुळखुळते, पाय फिरतो, आखडतो. १९७० नंतरच्या दशकात दोन्ही टोकांस आडवे स्क्रू घालून सळई हाडाशी जखडण्याची रीत रूढ झाली, आणि चुरा झालेल्या हाडांनाही हा उपाय लागू पडला.

शेजारशेजारच्या खाटांवरील दोन रुग्णांस निराळे सल्ले मिळतात ते याच कारणाने. हाड आडवे, स्वच्छ मोडले असेल तर दोन्ही तुकडे एकमेकांवर टेकतात, भार सळई आणि हाड वाटून घेतात, आणि पाय लवकर टेकता येतो. चुरा झाला असेल तर आरंभी जवळजवळ सारा भार धातूवर. हाड भरून येते, धातू भरून येत नाही. हजारो पावलांनी तो थकतो आणि बहुधा भंगाशी किंवा स्क्रूच्या भोकाशी तुटतो. हाड आधी जुळते की सळई आधी थकते, अशी ही शर्यत असते. धूम्रपानाने जुळणे लांबते, तेव्हा रुग्णाच्या भेटीस जाताना विडी-सिगारेट नेऊ नये. किती भार द्यावयाचा हे शल्यविशारदांना स्पष्ट विचारावे. शेजाऱ्याच्या पायावरून ठरवू नये. हाड जुळल्यावर त्रास नसेल तर प्रौढ माणसाची सळई पुष्कळदा तशीच राहू देतात. काढलीच, तर स्क्रूंची भोके भरेपर्यंत काही आठवडे उड्या आणि धावणे वर्ज्य समजावे.