आरी मोच्याची, फेलोशिप कुणाची?

ब्रिटनमध्ये हायग्रोव्ह येथे किंग्ज फाउंडेशन ही संस्था आणि फ्रान्सची शनेल कंपनी मिळून हाताच्या भरतकामाची फेलोशिप चालवतात. निवडलेल्या मोजक्या विद्यार्थ्यांना ओत कुत्युरचे, म्हणजे एकेका धनिक गिऱ्हाइकासाठी हाताने घडवल्या जाणाऱ्या पोशाखांवरचे भरतकाम शिकवले जाते. या कामात पॅरिसच्या लेसाज घराण्याचा शब्द अखेरचा मानतात. त्या घराण्याने १९९२ साली शाळा काढली आणि २००२ साली शनेलने ते विकत घेतले. तिथे सुई हातात धरणाऱ्याला प्रतिष्ठा आहे. आपल्याकडे काय आहे?

आधी या कलेचे मूळ पाहू. लेसाजच्या शाळेत जी बारीक आकडी वापरतात तिला लुनेव्हिलची आकडी म्हणतात. आपल्याकडे तिची बहीण आरी या नावाने ओळखली जाते. आरी हे मुळात मोच्याचे हत्यार. गुजरात-कच्छच्या मोची कारागिरांनी चामडे शिवता शिवता तीच आरी रेशमावर चालवली आणि साखळी टाक्याचे अप्रतिम भरतकाम उभे केले. सतराव्या शतकात त्यांचा माल युरोपियन कंपन्यांच्या जहाजांतून परदेशी गेला. अठराव्या शतकात ढोलाच्या आकाराच्या चौकटीवर कापड ताणून आकडीने भरण्याची ही पूर्वेकडची पद्धत युरोपात रुजली. एकोणिसाव्या शतकात लुनेव्हिल गावात त्याच आकडीने मणी आणि टिकल्या लावायला सुरुवात झाली. म्हणजे पॅरिस ज्या हत्यारावर नाव कमावते, त्याचे भाऊबंद आपल्या गावकुसाबाहेर चामड्यात राबत होते. हत्यार एकच. एका देशात ते कला ठरले, दुसऱ्या देशात विटाळ!

आज मुंबईच्या कारखान्यांत अड्ड्याभोवती मांडी घालून बसणारे आरी-जरदोजीचे कारागीर बहुतांशी उत्तर प्रदेश, बिहार, बंगालमधून आलेले गरीब मुस्लिम आहेत. युरोपच्या बड्या कंपन्यांचे भरतकाम त्यांच्या हातून होते. ३० मार्च २०२३ रोजी दिओरने गेटवे ऑफ इंडियासमोर फॅशन शो केला, तेव्हा मुंबईच्या चाणक्य कारखान्याचे नाव जगापुढे आले. त्या कारखान्याशी जोडलेली शाळा २०१६ पासून स्त्रियांना ही कला शिकवते, हे चांगलेच आहे. पण एका शाळेने सगळे अड्डे झाकले जात नाहीत. २०१६ सालीच काही परदेशी कंपन्यांनी कारखान्यांच्या सुरक्षिततेसाठी 'उत्थान' नावाचा करार केला. तो कायद्याने बंधनकारक नव्हता. २०२० मध्ये न्यूयॉर्क टाइम्सने मुंबईत जाऊन पाहिले, तेव्हा असुरक्षित खोल्या आणि तुटपुंजा मोबदला तसाच होता. जो करार न्यायालयात दाखवता येत नाही, त्याच्या भरवशावर कामगाराने का बसावे?

आता सरकारकडे वळू. १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत १८ व्यवसाय आहेत. पाच-सात दिवसांचे प्राथमिक प्रशिक्षण, दिवसाला ५०० रुपये आणि १५,००० रुपयांची अवजारे मिळतात. नियमांत जातीची अट नाही, हे खरे. पण 'कुटुंबावर आधारित पारंपरिक व्यवसाय' हा शब्दप्रयोग आहे. या देशात कुटुंबाचा व्यवसाय कुणी ठरवला, हे वेगळे सांगायला हवे काय? तामिळनाडू सरकारने नोव्हेंबर २०२४ मध्ये याच मुद्द्यावर ही योजना नाकारली आणि २०२५ मध्ये कौटुंबिक धंद्याची अट नसलेली स्वतःची योजना आणली. किमान वयही ३५ ठेवले, जेणेकरून अठरा वर्षांच्या पोराने कॉलेज सोडून बापाच्या ठिय्यावर बसू नये.

माणसाचा धंदा त्याच्या जन्मावरून ठरवण्याला बाबासाहेबांनी १९३६ सालीच आव्हान दिले. आपल्या पिढ्यांनी जातीची कामे टाकली ती त्याच विचाराने, आणि योग्यच केले. म्हणून कुणी 'पारंपरिक कला जपा' म्हणाले की आपले कान टवकारतात. पण येथे फरक समजून घेतला पाहिजे. जन्मामुळे गळ्यात पडलेले काम ही गुलामी आहे. अर्ज करून, विद्यावेतन घेऊन, प्रमाणपत्र मिळवून स्वेच्छेने शिकलेले तेच काम हा व्यवसाय आहे. फेलोशिपचा खरा धडा हाच.

संघटित दबावाने काय होते, ते कोल्हापुरी चपलेने दाखवले. जून २०२५ मध्ये प्राडाने मिलानमध्ये तशाच चपला दाखवल्या, सुरुवातीला नाव घेतले नाही. ओरड झाल्यावर मूळ मान्य केले. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये महाराष्ट्र आणि कर्नाटकाच्या चर्मोद्योग महामंडळांशी करार झाला, त्यात कारागिरांच्या प्रशिक्षणाचीही बाब आहे. त्या चपलेला २०१९ पासून भौगोलिक मानांकन आहे, म्हणून बोलायला कागद होता. आरीवाल्याच्या हाती कोणता कागद आहे?

तेव्हा मागण्या स्पष्ट हव्यात. भरतकामाला किमान वर्षभराची, विद्यावेतनाची सरकारी फेलोशिप द्या आणि ती सर्व जातीधर्मांच्या मुलामुलींना खुली ठेवा. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्यात अनुसूचित जाती-जमातींसाठी राखीव जागांची तरतूद आहे, पण छोट्या कारखान्यांवर उमेदवार घेण्याची सक्ती नाही. तिथे शासनाने विद्यावेतनाचा भार उचलावा. कारागिराशी लेखी करार करा, वस्तूवर त्याचे नाव टाका. आणि आपल्या पोरांनी केवळ अड्ड्यावर न बसता नक्षी काढणाऱ्याच्या, दर ठरवणाऱ्याच्या खुर्चीवरही हक्क सांगावा. आरी आपल्याच माणसांनी घडवली. तिची किंमत ठरवताना आपण बाहेर उभे राहायचे कारण नाही.