पाटीवर पदवी पूर्ण हवी

सप्टेंबर २०२५ मधले दहा दिवस डॉक्टरांच्या मानापमानाचेच होते. ९ तारखेला केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालनालयाने पत्र काढलं, की फिजिओथेरपिस्टांनी नावाआधी ‘डॉ.’ लावू नये. दुसऱ्याच दिवशी ते मागे घेतलं. १८ तारखेला महाराष्ट्रात इंडियन मेडिकल असोसिएशनने (आयएमए) संप पुकारला. सीसीएमपी हा आधुनिक औषधशास्त्राचा एक वर्षाचा अभ्यासक्रम केलेल्या होमिओपॅथी डॉक्टरांची महाराष्ट्र वैद्यकीय परिषदेत नोंदणी करायला आयएमएचा विरोध होता. त्याआधी जुलैत हीच नोंदणी सरकारने थांबवली, तेव्हा होमिओपॅथीवाले आझाद मैदानावर उपोषणाला बसले होते.

हे भांडण मुंबईत झालं, पण त्याचा हिशेब बुलढाणा जिल्ह्यातल्या नांदुऱ्यासारख्या गावांत चुकवावा लागतो.

नांदुऱ्याच्या बाजारपेठेतून फिरलं की दवाखान्यांच्या पाट्या एकाच साच्याच्या दिसतात. ‘डॉ.’ आणि आडनाव लांबूनही वाचता येतं. खाली बारीक इंग्रजी अक्षरांत एमबीबीएस, बीएएमएस किंवा बीएचएमएस. तापाने फणफणलेली बाई दिवेलागणीला येते आणि म्हणते, “डॉक्टरसाहेब, सुई मारून द्या, सकाळी कापूस वेचाले जानं हाये.” समोरच्याची पदवी कोणती, हे ती विचारत नाही. विचारून करणार काय? एमबीबीएस डॉक्टर कमी, खामगावच्या सामान्य रुग्णालयात जायचं तर एका दिवसाची मजुरी बुडते. रात्री दार उघडतो तो बहुतेक वेळा बीएएमएस म्हणजे आयुर्वेदाचा किंवा बीएचएमएस म्हणजे होमिओपॅथीचा डॉक्टर. खेड्यातली बरीचशी आरोग्यसेवा या लोकांच्या खांद्यावर आहे आणि त्याबद्दल त्यांना मान मिळायलाच हवा.

मान आणि औषध लिहिण्याचा अधिकार या मात्र दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि दोन्ही बाजूंचे पुढारी त्यांची सरमिसळ करतात. पूनम वर्मा खटला आठवावा. मुंबईत १९९२ साली प्रमोद वर्मा नावाच्या तरुणाला ताप आला. होमिओपॅथीची पदविका असलेल्या डॉक्टरने त्याला अ‍ॅलोपॅथीची औषधं दिली, आधी विषाणूजन्य ताप समजून, मग टायफॉइड समजून. प्रमोद वाचला नाही. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याच्या पत्नीला, पूनमला, त्या डॉक्टरकडून तीन लाख रुपये भरपाई देववली आणि बजावलं, की ज्या पद्धतीचं ज्ञान नाही तिने उपचार करणारा भोंदूच ठरतो. साधा तापच होता तो. नांदुऱ्यात रोज येतो तसा.

राज्याने २०१४ मध्ये कायदा बदलून सीसीएमपीची वाट काढली. होमिओपॅथीचा विद्यार्थीही इंटर्नशिप धरून साडेपाच वर्षं शिकतो, हे खरं. पण त्या वर्षांत तो अँटिबायोटिकचा डोस, त्याचे दुष्परिणाम, किडनीच्या रुग्णाला काय चालत नाही, हे पुरेसं शिकत नाही. ते सगळं एका वर्षात बसवता येईल असं या स्तंभाला वाटत नाही. आयएमएचा आक्षेप इथे बरोबर आहे. फक्त त्याच आयएमएने हेही सांगावं, की तिच्या सदस्यांपैकी किती जण तालुक्याच्या गावात राहायला तयार आहेत.

सरकारचं वागणं तर सगळ्यांत सोयीस्कर. एमबीबीएस मिळत नाही म्हणून प्राथमिक आरोग्य केंद्रांत बीएएमएस वैद्यकीय अधिकारी नेमायचे, त्यांना गट ‘ब’मध्ये ठेवायचं आणि काम मात्र गट ‘अ’इतकं करून घ्यायचं. बुलढाण्याचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय २०२४ मध्ये १०० जागांनी सुरू झालं. त्याची पहिली तुकडी बाहेर पडायला २०३० उजाडेल. तोवर गावच्या डॉक्टरांना शिकवावंच लागेल. मग ते नीट शिकवा: जिल्हा रुग्णालयात खाटेशेजारी, पूर्णवेळ, आणि शेवटी बाहेरच्या परीक्षकांसमोर परीक्षा. पास झाला त्याला ठरावीक औषधांची यादी द्यावी आणि ती यादी दवाखान्यात लावायला सांगावी.

एक काम मात्र मुंबईच्या आदेशाशिवाय आजच होऊ शकतं. नांदुऱ्यातल्या प्रत्येक डॉक्टरने आपली पदवी पाटीवर मराठीत, पूर्ण आणि नावाइतक्याच ठळक अक्षरांत लिहावी, खाली परिषदेचं नाव आणि नोंदणी क्रमांक द्यावा. आणि पेशंटने, सुई टोचून घेण्याआधी, ती पाटी वाचावी. वाचता येत नसेल तर सोबतच्या शाळकरी पोराकडून वाचून घ्यावी.