‘स्थिर’ किनारा म्हणजे सुरक्षित किनारा नव्हे

चेन्नई येथील राष्ट्रीय किनारपट्टी संशोधन केंद्राने १९९० ते २०१८ या काळातील उपग्रहचित्रांच्या आधारे मुख्य भूमीच्या किनाऱ्याचा अभ्यास केला. त्यात देशाच्या सुमारे ३४ टक्के किनाऱ्याची धूप होत असल्याचे आढळले. तमिळनाडूत हे प्रमाण जवळपास ४३ टक्के, तर महाराष्ट्रात सुमारे २५ टक्के आहे. महाराष्ट्राचा जवळपास दोन तृतीयांश किनारा ‘स्थिर’ गटात मोडतो. त्यामुळे चेन्नईची चिंता वाळूची आणि कोकणाला मात्र काळ्या कातळाचे अभय, असा समज सहज रूढ होतो. हा समज तपासून पाहायला हवा.

खडक झिजतो, पण त्याची झीज वाळूसारखी नसते. लाट कड्यावर आदळते तेव्हा भेगांमधील हवा क्षणभर दाबली जाते आणि पाणी ओसरताच स्फोटासारखी मोकळी होते. लाटांबरोबर आलेले गोटे कड्याचा पायथा कानशीप्रमाणे घासतात. तुषारांतील क्षार खडकाच्या छिद्रांत स्फटिकरूप घेऊन कण सुटे करतात. हरिहरेश्वरच्या खडकांवरील मधाच्या पोळ्यासारखी जाळी हे त्याचेच उदाहरण. पायथ्याशी खाच वाढत जाते, वरचा भाग अधांतरी होतो आणि एके दिवशी कोसळतो. कडा मागे हटतो व पुढे तरंगघर्षित मंच उरतो. म्हणजे अनेक वर्षांची शांतता आणि एका क्षणाची पडझड, असा या किनाऱ्याचा स्वभाव आहे. वर्षाला काही सेंटिमीटरची झीज उपग्रहचित्रांत दिसणे कठीण. म्हणून नकाशावर ‘स्थिर’ असलेला कडा प्रत्यक्षात पोखरलेला असू शकतो. रत्नागिरी परिसरात तर सच्छिद्र जांभ्याखाली अनेक ठिकाणी मऊ चिकणमातीचा थर असतो. तेथे लाटांच्या जोडीला मुरलेले पावसाचे पाणीही कडा ढिला करते.

दुसरा भेद अधिक महत्त्वाचा आहे. पावसाळ्यात पुळणीवरून वाहून गेलेली वाळू हिवाळ्यात बऱ्याच अंशी परतते. कोसळलेला कडा परतत नाही.

मग कड्याखाली भिंत बांधावी काय? येथे चेन्नईचा इतिहास बोलका आहे. या किनाऱ्यावर वर्षभराचा हिशेब पाहता वाळू दक्षिणेकडून उत्तरेकडे वाहते. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात बंदराचे धक्के समुद्रात शिरले आणि हा प्रवाह अडला. दक्षिणेस मरीनाची पुळण रुंदावत गेली. उत्तरेस रॉयपुरम ते एन्नोर या पट्ट्यातील वस्त्यांपुढचा किनारा खचत गेला आणि तेथे दगडांचे बंधारे घालावे लागले. मामल्लपुरमच्या आठव्या शतकातील किनारी मंदिराभोवतीही ग्रॅनाइटचे दगड रचावे लागले. अनमोल वारशासाठी तो उपाय समर्थनीय आहे. प्रत्येक किनाऱ्यासाठी नव्हे. भिंत लाटेची शक्ती नाहीशी करीत नाही. बरीचशी ती पायथ्याकडे किंवा शेजारच्या किनाऱ्याकडे वळवते. निसर्गाचा मंच मात्र लाटेला वाटेतच थकवतो. कड्याची झीज हीच काही अंशी पुढच्या कड्याची ढाल बनते.

म्हणून माझे मत असे की, खडकाळ किनाऱ्यावर बंधाऱ्याआधी अंतराचा विचार व्हावा. सीआरझेडचे नियम मुख्यतः भरतीरेषेपासून अंतर मोजतात. कड्याच्या बाबतीत भरतीरेषा पायथ्याशी असते, धोका मात्र माथ्याच्या काठावर. तेव्हा बांधकामाचे अंतर काठापासून मोजावे आणि ते खडकाची जात, भेगांची दिशा व पायथ्याची खाच पाहून ठरवावे.

त्यासाठी लागणारी नोंद उपग्रह एकटा देणार नाही. कोकणातील महाविद्यालयांच्या भूगोल व भूशास्त्र विभागांनी एकेक कडा निवडून पावसाळ्याआधी आणि नंतर ठरावीक जागेवरून त्याचे छायाचित्र व मोजमाप घेतले, तर दहा वर्षांत अमूल्य संग्रह उभा राहील. खर्च एका फूटपट्टीचा आणि चिकाटीचा. कडा कोसळल्यावर पंचनामा होतोच; विज्ञानाचे काम त्याआधीचे आहे.