विचारलं तर सांगता यावं

जेवणाच्या सुट्टीत बँकेतल्या पाच-सहाजणी डबे उघडून बसल्या होत्या. दुसऱ्या दिवशी गुड फ्रायडेची सुट्टी, त्यामुळे कुणी माहेरी जाण्याचे, कुणी गहू निवडून टाकण्याचे बेत करीत होते. नुकतीच नोकरीला लागलेली एक मुलगी समोरच्या मॅडमना म्हणाली, ‘‘मॅडम, तुमच्या देवाला ज्या दिवशी क्रुसावर मारलं, त्या दिवसाला ‘गुड’ का म्हणतात हो?’’

मॅडम ख्रिस्ती. वीस वर्षांची नोकरी, दर रविवारी चर्च, घरात बायबल. पण उत्तर सुचेना. त्या हसून म्हणाल्या, ‘‘अगं, सुट्टी मिळते ना, म्हणून!’’ सगळ्या खळखळून हसल्या, लोणच्याची बाटली पुढे सरकली आणि विषय संपला.

त्यांच्यापुरता तो संपला नाही. रात्री भांडी आवरताना त्या नवऱ्याला म्हणाल्या, ‘‘पोरीने चांगल्या मनाने विचारलं होतं. मीच थट्टेवारी नेलं.’’

तसे पाहिले तर उत्तर अवघड नव्हते. जुन्या इंग्रजीत ‘गुड’ या शब्दाला ‘पवित्र’ असाही अर्थ होता. आणि येशूचे मरण माणसांच्या पापांसाठी होते, तिसऱ्या दिवशी तो पुन्हा उठला, ही तर ख्रिस्ती श्रद्धेची मूळ गोष्ट. म्हणून तो दिवस दुःखाचा असूनही पवित्र. चार वाक्ये. पण लहानपणी पाठ केलेली गोष्ट आणि शेजारणीला समजेल अशी सांगता येणारी गोष्ट, यांत बरेच अंतर असते.

शिवाय भीतीही असते. 2011 च्या जनगणनेप्रमाणे देशात ख्रिस्ती लोक शेकडा 2.3, महाराष्ट्रात जेमतेम एक. आपण धर्माविषयी तोंड उघडले, तर ‘ही आता आपल्याला बाटवणार’ असे कुणाला वाटेल, या धास्तीने पुष्कळजण गप्पच बसतात. राज्यघटनेच्या 25 व्या कलमाने आपला धर्म मानण्याचे, पाळण्याचे आणि त्याचा प्रसार करण्याचे स्वातंत्र्य प्रत्येकाला दिले आहे. प्रसार म्हणजे आपल्या धर्माची तत्त्वे मांडणे, दुसऱ्याचे धर्मांतर घडवून आणण्याचा हक्क त्यात येत नाही, असा निवाडा सर्वोच्च न्यायालयाने 1977 साली दिला. डब्याच्या टेबलावर कुणी विचारले म्हणून सांगण्यात भिण्यासारखे काही नाही. तरी जीभ अडखळते, हे खरे.

नव्या करारात पेत्राचे पहिले पत्र आहे. आज ज्याला तुर्कस्तान म्हणतात, त्या प्रदेशात विखुरलेल्या मूठभर ख्रिस्ती लोकांना ते लिहिलेले. त्याच्या तिसऱ्या अध्यायात सांगितले आहे, की तुमच्या मनातल्या आशेचे कारण कुणी विचारले, तर उत्तर द्यायला तयार असा, पण सौम्यतेने आणि आदराने. यात ‘कुणी विचारले तर’ हा भाग पुष्कळ उपदेशकांच्या ध्यानात राहत नाही. सौम्यता तर त्याहून कमी!

मराठी मुलखात याचे सर्वांत बोलके उदाहरण ना. वा. टिळकांच्या घरातच आहे. 1893 च्या सुमाराची गोष्ट. टिळक नागपूरहून राजनांदगावला निघाले होते. आगगाडीच्या डब्यात एक गोरा गृहस्थ भेटला. त्याने टिळकांना बसायला जागा करून दिली आणि आधी गप्पा काढल्या त्या संस्कृत काव्याच्या. ख्रिस्ती धर्माविषयीचे बोलणे नंतरचे. उतरण्यापूर्वी त्याने नव्या कराराची प्रत टिळकांच्या हाती दिली आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल, असे भाकीतही केले. पुस्तक वाचता वाचता टिळक डोंगरावरील प्रवचनापाशी थबकले. 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला.  गाडीतल्या त्या माणसाची तयारी एवढीच, की जवळ पुस्तक होते आणि समोरच्याला कशाची गोडी आहे, हे जाणण्याइतका सभ्यपणा होता.

परक्याला सांगणे त्या मानाने सोपे. घरात काय? लक्ष्मीबाईंवर आभाळ कोसळले. सोवळ्यात वाढलेली बाई, पदरात लहान मुलगा, आणि नवरा बाटलेला. चार वर्षांहून अधिक काळ नवरा-बायको वेगळी राहिली. त्यातली काही वर्षे लक्ष्मीबाई पंढरपुरात होत्या. टिळक मोठे कवी, वक्ते, वादात कुणाला हार जाणारे नव्हेत. पण बायकोपुढे युक्तिवाद चालले नाहीत. पुढे त्या अहमदनगरला (आजच्या अहिल्यानगरला) नवऱ्याजवळ आल्या, त्याही आपले सोवळे-ओवळे सांभाळून, स्वयंपाकपाणी वेगळे ठेवून. टिळक स्वभावाने तापट, घरात भांडणे कमी झाली नाहीत. तरी या बाबतीत त्यांना थांबता आले, हे मोठे म्हटले पाहिजे. लक्ष्मीबाईंच्या मनातून आधी जातिभेद गेला, तोही त्यांच्या स्वतःच्या विचाराने. श्रद्धा त्यानंतर आली. 1900 साली राहुरीला त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

हे सारे त्यांनी ‘स्मृतिचित्रे’त लिहिले आहे. त्यात टिळकांचे विक्षिप्तपण, स्वतःची फजिती, काही झाकलेले नाही. हिंदू घरांतूनही ते पुस्तक आवडीने वाचले गेले, याचे कारण बहुधा हेच. वाचणाऱ्याला कुठेही आपल्याला ओढले जात आहे, असे वाटत नाही. टिळक 1919 साली गेले. त्यांनी अर्धवट ठेवलेले ‘ख्रिस्तायन’ पुढे पुरे केले, तेही एकेकाळी नवऱ्याच्या धर्माचे पाणी न चालणाऱ्या या बाईनेच.

भाषेची तयारी म्हणावी तर फादर थॉमस स्टीफन्स यांची. हा इंग्रज जेझुइट 1579 साली गोव्यात आला, इथली भाषा शिकला आणि 1616 साली त्याचे ओवीबद्ध ‘ख्रिस्तपुराण’ छापले गेले. ओव्या अकरा हजारांच्या घरात. त्या काळच्या गोव्यात पोर्तुगीज सत्तेने देवळे पाडली होती, जुनी पुराणे वाचायला बंदी होती. जुनी पुराणे काढून घेतलीत, मग त्यांच्या जागी दुसरे काही का देत नाही, असे एका नवख्रिस्ती ब्राह्मणाने विचारल्याचे या ग्रंथाच्या आरंभीच येते. प्रश्न तसा बोचराच. स्टीफन्सने उत्तर दिले ते मराठीत. पण सत्तेच्या जोरावर झालेल्या प्रचाराची आठवणही तिथे राहिली, आणि आजचा संशय थोडाफार त्यातूनच येतो. हे विसरून चालणार नाही.

बँकेतल्या मॅडमनी सुट्टीत यातले काही वाचले की नाही, कोण जाणे. सोमवारी मात्र डबा उघडताना त्या आपणहून म्हणाल्या, ‘‘परवा तू विचारलंस ना, त्याचं खरं उत्तर राहिलं होतं.’’ आणि चार वाक्यांत सांगितले. पोर लक्ष देऊन ऐकत होती. मग तिने पुढचे विचारले, ‘‘पण देवच होता, तर त्याने स्वतःला वाचवलं का नाही?’’

मॅडम क्षणभर थांबल्या. ‘‘हे मला अजून नीट सांगता येणार नाही गं,’’ त्या म्हणाल्या. ‘‘विचार करून सांगते. आणि पाडव्याला तुम्ही गुढी उलट्या तांब्याची का करता, ते तू मला सांग.’’

आता गप्प बसण्याची पाळी तिची होती.

‘‘आईला विचारून सांगते,’’ ती म्हणाली.