गोदामावरून देशाचे पोट मोजू नका



देश अन्नधान्यात स्वयंपूर्ण झाला असे दरवर्षी ऐकवले जाते आणि पुरावा म्हणून गोदाम दाखवले जाते. गोदाम खरेच भरले. २००२ च्या जुलैत सरकारी साठा सहा कोटी टनांच्या वर होता. जगात सर्वांत जास्त तांदूळ विकणारा देश आज आपलाच. आता सरकारचाच दुसरा कागद वाचा. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची दर १०० मुलांतली ३५ खुजी निघाली, २५ हून अधिक रोडावलेली. १५ ते ४९ वयाच्या १०० बायकांपैकी ५४ जणींचे रक्त कमी. हे आकडे विरोधकांनी काढलेले नाहीत.

खोट मापात आहे आणि त्या पापात आम्ही शेतकी पदवीवालेही भागीदार आहोत. कॉलेजात आम्हाला हेक्टरी क्विंटल शिकवले. त्या क्विंटलात लोह किती, मागे कडबा किती उरला, हे परीक्षेत कोणी विचारले नाही. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०१७ च्या तक्त्यात १०० ग्रॅम ज्वारीत सुमारे ४ मिलिग्रॅम लोह आहे, सडलेल्या तांदळात १ सुद्धा नाही. नुसत्या ज्वारीने रक्त वाढते असे आम्ही म्हणत नाही. सोबत डाळ हवी, पालेभाजी हवी, लिंबाची फोड हवी. पण २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने माणशी महिना ५ किलो धान्य दिले, म्हणजे दिवसाला १६६ ग्रॅम, दोन भाकरींचे पीठ. डाळ नाही, तेल नाही. ते धान्य २०२३ पासून फुकट झाले, ताट होते तेवढेच राहिले.

त्याच कायद्यात १ रुपया किलोने भरड धान्य देण्याची तरतूद होती. दुकानात मात्र गहू आणि तांदूळच. कधी एखाद्या जिल्ह्यात चार महिने ज्वारी आली की तिचीच बातमी होते! २०२५-२६ साठी संकरित ज्वारीचा हमीभाव ३,६९९ रुपये जाहीर झाला. भाव कागदावर, काटा कुठे? काटा नाही म्हणून ज्वारी मोडली, कापूस वाढला, आणि ज्वारी पिकवणाराच आज पिशवी घेऊन रेशनच्या रांगेत उभा आहे.

बैठक गारगोटीला आहे म्हणून इथलेही सांगतो. भुदरगड तालुका पावसाचा, भात-उसाचा. इथे पाण्याची ओरड तुमच्याइतकी नाही, तरी डोंगरउतारावरची नाचणी ताटातून मागे सरली. तेव्हा सगळा दोष कोरडवाहू रानावर ढकलणाऱ्या साहेबांना एकदा इकडे आणावे.

आमची मागणी साधी आहे. पिकाची आणेवारी लावता, तशी ताटाची लावा. तालुक्यातल्या मुलांची वजने, बायकांचे रक्त, घरात डाळ किती दिवस शिजली, हे दरवर्षी गावच्या चावडीवर लागले पाहिजे. आणि हमीभावाने घेतलेली ज्वारी त्याच तालुक्यातल्या रेशन दुकानात उतरली पाहिजे.

बैठकीला येताना प्रत्येक गावाने दहा घरांची यादी आणावी: घरची ज्वारी कोणत्या महिन्यात संपली, तूर किती ठेवली, किती विकली, दूध घरात किती राहिले. उत्तरे घरातल्या बाईला विचारूनच लिहा. पुरुषांना हे बहुधा ठाऊक नसते.