धनादेशापलीकडचे दान

वकील, डॉक्टर, सनदी लेखापाल, अभियंते, औषधविक्रेते अशा व्यावसायिकांच्या संघटना आज जवळपास प्रत्येक जिल्ह्याच्या ठिकाणी आहेत आणि वर्षातून एकदा तरी त्या समाजासाठी निधी गोळा करतात. वार्षिक अधिवेशनाच्या निमित्ताने सभासदांकडून वर्गणी जमते, एखाद्या संगीतसभेच्या प्रवेशिका खपतात आणि अखेरीस भुकेल्यांसाठी किंवा बेघरांसाठी काम करणाऱ्या संस्थेच्या हाती धनादेश सुपूर्द केला जातो. छायाचित्र निघते, दुसऱ्या दिवशी ते वृत्तपत्रात छापून येते. यात उपहास करण्याजोगे काहीच नाही. ज्याने दिले त्याने न देणाऱ्यापेक्षा निश्चितच चांगले केले. परंतु भूक वर्षातून एकदा लागत नाही आणि पदपथावरची रात्र अधिवेशनाची तारीख पाहून येत नाही. म्हणूनच व्यावसायिक संघटनांनी आपल्या दानधर्माच्या स्वरूपाचा शांतपणे फेरविचार करावा, असे आम्हाला सुचवावेसे वाटते.

यासंबंधी मुंबईच्या डबेवाल्यांकडे पाहावे. मावळ, खेड, जुन्नर या भागांतून आलेल्या, बहुतांशी अल्पशिक्षित असलेल्या या वारकरी मंडळींनी २०१५ साली ‘रोटी बँक’ हा उपक्रम सुरू केला. लग्नसमारंभांत आणि मेजवान्यांत उरलेले चांगले अन्न उचलायचे आणि ते रस्त्यावर उपाशी असलेल्यांपर्यंत पोहोचवायचे, एवढेच त्याचे स्वरूप. मोठा निधी उभारण्याइतका पैसा या मंडळींजवळ नव्हता. पण अन्न वेळेवर आणि बिनचूक पत्त्यावर पोहोचवण्याचे पिढ्यान् पिढ्यांचे कौशल्य होते. तेच त्यांनी समाजाच्या ओंजळीत घातले. पुढे मार्च २०२० मध्ये टाळेबंदी आली, लोकलगाड्या थांबल्या आणि डबेवाल्यांचाच रोजगार बुडाला. काल दुसऱ्यांना अन्न पोहोचवणाऱ्यांवर इतरांचे साहाय्य स्वीकारण्याची वेळ आली. देणारा आणि घेणारा यांच्यामधली रेषा किती पुसट असते, हे त्या काही महिन्यांनी दाखवून दिले. ज्याला हे उमगले, त्याच्या दानात उपकाराची भाषा उरत नाही.

आता प्रश्नाचे खरे रूप पाहू. २०११ च्या जनगणनेत देशभरात सुमारे पावणेअठरा लाख लोक बेघर असल्याची नोंद झाली. त्यांतील दोन लाखांहून अधिक एकट्या महाराष्ट्रात होते. २०१३ साली अन्नसुरक्षा कायदा झाला आणि जानेवारी २०२३ पासून त्याखालील धान्य विनामूल्य मिळू लागले. मोठ्या शहरांत दर लाख लोकसंख्येमागे किमान एक निवारा असावा, असे निर्देश सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली दिले. म्हणजे कायदा आहे, धान्य आहे, योजनाही आहेत. तरीही पुलाखाली झोपणारा माणूस उपाशी का राहतो? कारण त्याच्याजवळ शिधापत्रिका नाही. शिधापत्रिका नाही, कारण कागदावर लिहायला पत्ता नाही. शिवाय हाती धान्य पडले तरी ते शिजवायला चूल कोठे आहे? त्याची ही अडचण केवळ धनादेशाने सुटणारी नाही. तेथे हवा कागदपत्रांची वाट ठाऊक असलेला आणि कचेरीत त्याच्या बाजूने उभा राहणारा जाणकार माणूस.

आणि असे जाणकार तर या संघटनांमध्येच आहेत! वकील मंडळींनी महिन्यातला एक दिवस निवाऱ्यात बसून ओळखपत्रे आणि शिधापत्रिका यांची प्रकरणे हाताळली, डॉक्टरांनी आळीपाळीने तेथे तपासणी केली, अभियंत्यांनी गळके छप्पर आणि तुंबलेली शौचालये दुरुस्त करून घेतली, लेखापालांनी निवारा चालवणाऱ्या संस्थेचे हिशेब विनामूल्य नीट लावून दिले, तर त्या सेवेचे मोल कोणत्याही धनादेशापेक्षा अधिक ठरेल. पैसा हवाच, पण तोही वर्षाकाठी एकदा गाजावाजा करून देण्यापेक्षा प्रत्येक सभासदाने दरमहा थोडा थोडा दिलेला बरा. अन्नछत्र चालवणाऱ्याला पुढच्या महिन्याचा शिधा निश्चित ठाऊक असेल, तरच तो निर्धास्तपणे पंगत वाढू शकतो.

ही रीत आपल्याला परकी नाही. अंताजी दामोदर काळे यांनी एकेक पैसा मागून ‘पैसाफंड’ उभा केला आणि त्यातून १९०८ साली तळेगावला काचकारखाना उभा राहिला. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी घराघरांतून मूठमूठ धान्य जमवून मुलांची वसतिगृहे चालवली. भुकेल्याला अन्न आणि बेघराला आसरा या दोन्ही गोष्टी संत गाडगेबाबांच्या उपदेशात एकत्र येतात. लोकांनी विश्वासाने दिलेल्या पैशातून त्यांनी ठिकठिकाणी धर्मशाळा उभारल्या आणि स्वतः मात्र हातात गाडगे घेऊन फिरत राहिले. बाबा १९५६ साली गेले, पण दादरच्या त्यांच्या नावाच्या धर्मशाळेत उपचारांसाठी दूरदूरहून मुंबईत आलेल्या कर्करोगग्रस्तांना आणि त्यांच्या नातलगांना आजही आसरा मिळतो. तेथे जागा न मिळालेली कुटुंबे परळच्या पदपथावर दिवस काढतात, हेही वास्तव आहे. बाबांचे काम अपुरे राहिले असेल, तर ते आपल्यासाठीच राहिले आहे.

एक पथ्य मात्र कटाक्षाने पाळावे. अन्नाचे पाकीट हाती देताना घेणाऱ्याचे छायाचित्र काढू नये. त्याच्या लाचारीचे प्रदर्शन मांडून आपली कीर्ती वाढवणे हे दान नव्हे, तो व्यवहार झाला. संघटनेला प्रसिद्धी हवीच असेल, तर किती जमले, कोठे खर्च झाले आणि किती शिल्लक राहिले, याचा हिशेब जाहीर करावा. आजच्या काळात समाजाचा विश्वास संपादन करण्याचा याहून सरळ मार्ग नाही.

आमच्या वाचकांपैकी अनेक जण अशा संघटनांचे सभासद, पदाधिकारी आहेत. येत्या वार्षिक सभेत त्यांनी एवढाच ठराव मांडावा : आपल्या गावातला एक निवारा किंवा एक अन्नछत्र निवडायचे आणि पुढली पाच वर्षे त्याची साथ सोडायची नाही. अशा शंभर संघटनांनी शंभर ठिकाणे सांभाळली, तर त्या गावांत रात्री उपाशी झोपणाऱ्यांची संख्या खचितच घटेल. समाज आपला आहे असे आपण नेहमी म्हणतो. त्या समाजातला सर्वांत दुबळा माणूस आज रात्री कोठे झोपणार आहे, याची चौकशी करण्यापासून त्या आपलेपणाचा आरंभ व्हावा.